आजोबांची जीप फोर्ड की विलीज? पुढची जाळी नऊ स्लॉटची आहे पण मागे फाळका आहे, साल कसं ओळखायचं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावाकडं, कराडजवळ, गोठ्याच्या शेजारच्या शेडमध्ये आजोबांची जीप उभी आहे. १९९४ पासून हललेली नाही. वरचा रंग क्रीम, तो खरवडला की खाली निळा आणि त्याच्या खाली काही ठिकाणी हिरवा लागतो. घरात लहानपणापासून एकच ऐकत आलोय की ही १९४२ ची फोर्ड जीप, लढाई संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावात आजोबांनी घेतली. पण आरसी बुकात कंपनी विलीज लिहिली आहे आणि साल १९५१. स्टिअरिंग उजवीकडं आहे.

आता पुण्यातल्या एका गॅरेजला फोटो दाखवले, ते म्हणाले की जाळी नऊ स्लॉटची आहे म्हणजे नक्की लढाईतली फोर्ड, आरसीवरचं साल हे रजिस्ट्रेशनचं असणार, त्याकडं बघू नका. त्यांचं म्हणणं असं की मागचा फाळका नंतर कोणीतरी कापून बसवलाय, तो वेल्ड करून बंद करायचा, मागं स्टेपनी आणि जेरी कॅनचा ब्रॅकेट लावायचा, डॅशबोर्डवर फोर्डची प्लेट मारायची, ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा, मग गाडी मूळ रूपात येईल. खर्चाचा आकडा मोठा आहे पण त्याचं एवढं नाही. मला भीती पत्रा कापायची वाटते. एकदा कापला की परत येत नाही.

मला जे दिसतंय ते सांगतो. जाळी नऊ स्लॉट, हेडलाइट जाळीच्या आत, लहान. पुढची काच एकसंध, मधे दांडी नाही. बॉनेटच्या बाजूला रंगाखाली काहीतरी अक्षरं उठल्यासारखी हाताला लागतात पण वाचता येत नाहीत. मागं फाळका, साखळीवर खाली येतो. पेट्रोलचं झाकण बॉडीच्या बाहेर. ही गाडी नक्की काय आहे हे कुठले पार्ट बघून ठरवायचं?

नाशिकचा_जीपवाला

अभिनंदन भाऊ, एवढी जुनी वस्तू घरात सांभाळून ठेवलीत. सोपं आहे, नऊ स्लॉट म्हणजे फोर्ड आणि सात स्लॉट म्हणजे विलीज. आमच्याकडं सगळे असंच ओळखतात. तुमची फोर्डच.

पत्रापारखी

कृष्णाकाठ, आधी त्या गॅरेजला फोन करून सांग की काम थांबवा. कटर लागायच्या आत विचारलंस हे फार बरं केलंस.

नाशिककर, राग मानू नका, पण हा नऊ-सातचा हिशोब अर्धाच आहे आणि याच्यामुळं खूप गाड्या वाया गेल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो. लढाईत जीप दोघांनी बनवली, विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. जीपीडब्ल्यूमधला जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ८० इंच व्हीलबेस आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन. म्हणजे फोर्डच्या नावातच विलीज बसलाय. आता जाळीचं. विलीजच्या पहिल्या जवळजवळ २५,८०० गाड्यांना जाळी होती ती लोखंडी पट्ट्या उभ्या लावून वेल्ड केलेली, करायला जड आणि महाग. फोर्डनं एकाच पत्र्यातून दाबून काढलेली नऊ स्लॉटची जाळी आणली, ती स्वस्त पडली, हलकी पडली, आणि १९४२ मध्ये विलीजनंही तीच घेतली. म्हणून लढाईतली बहुतेक विलीजसुद्धा नऊ स्लॉटचीच आहे. सात स्लॉट आले ते लढाई संपल्यावर, शेतकऱ्यांसाठी काढलेल्या सीजे-२ए वर, कारण तिला मोठे हेडलाइट दिले आणि ते जाळीच्या तोंडावर बाहेर आणले, मग दोन्ही कडेच्या स्लॉटला जागाच उरली नाही. थोडक्यात नऊ-सातमधून लढाईची की नंतरची एवढाच अंदाज लागतो, फोर्ड की विलीज हे त्यातून कळत नाही.

आणि तो अंदाज पण जाळी मूळची असेल तरच. जाळी हा जीपवरचा सगळ्यात बेभरवशाचा पार्ट आहे. बोल्ट खोलले की हातात येते. गाडी कुठंही धडकली की पहिली तीच चेपते. पन्नास साठ वर्षांत जीप किती वेळा बैलगाडीला, बांधाला, झाडाला लागली असेल विचार कर, आणि दर वेळी मेस्त्रीनं भंगारातून जी मिळाली ती लावली असणार. मी स्वतः कोल्हापूरकडच्या गाड्यांवर तीन वेगवेगळ्या काळातले पार्ट एकाच तोंडावर बघितलेत.

आता तुझ्या वर्णनात मला जाळी सोडून बाकी सगळं लढाईच्या नंतरचं दिसतंय. एमबी आणि जीपीडब्ल्यूला मागं फाळका नसतोच, मागचा पत्रा सलग, त्यावर स्टेपनी आणि जेरी कॅन. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरची गादी उचलायची, टाकी तिच्याखाली, झाकण बाहेर नाही. पुढची काच दोन तुकड्यांची. तुझी काच एकसंध, झाकण बाहेर, मागं फाळका. एखादी गोष्ट कोणी बदलली असं समजू शकतो, तिन्ही कशाला बदलेल? मला ही सीजे मालिकेतली वाटते, आणि एकसंध काच म्हणजे बहुतेक सीजे-३ए. पण बघितल्याशिवाय ठाम बोलणार नाही. पुढचे फोटो टाक: काचेची खालची कड अगदी जवळून, बॉनेटची बाजू, मागच्या चाकावरची पेटी आतून, आणि बॉनेट उघडून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा.

नाशिकचा_जीपवाला

राग कसला, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडं एक नऊ स्लॉटची आहे आणि मी दहा वर्षं फोर्ड म्हणून सांगतोय. मग फोर्ड आणि विलीज यातला फरक कशावरून बघायचा? माझ्या गाडीला मागं फाळका नाहीये आणि काच दोन तुकड्यांची आहे.

टोलेडोजवळ

नाशिककर, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. मी मूळचा साताऱ्याचा, गेली १४ वर्षं ओहायोत आहे, टोलेडोपासून अर्ध्या तासावर. विलीजचा कारखाना टोलेडोत होता, तो पाडला पण विटांची उंच चिमणी उभी ठेवली आहे, तिच्यावर अजून ओव्हरलँड अशी अक्षरं वाचता येतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा आमच्या गावच्या सोसायटीची जीप आठवली. इथं जीपवाली म्हातारी मंडळी भेटतात त्यांच्याकडून शिकलेलं सांगतो.

बॉनेट उघडू नका, खाली वाका. रेडिएटरच्या पुढं, दोन्ही चासी रेल्सना जोडणारा आडवा मेंबर बघा. एमबीला तो गोल पाइप असतो. जीपीडब्ल्यूला चौकोनी, उलट्या यू सारखा. हा मेंबर चासीचाच भाग आहे, बोल्ट खोलून बदलायचा पार्ट नाही, म्हणून याच्यावर विश्वास ठेवता येतो. मात्र आधी गाडी लढाईतलीच आहे हे बाकीच्या गोष्टींवरून पक्कं करा आणि मगच हा पाइप बघा, नाहीतर सीजेच्या चासीखाली वाकून उगीच घोटाळा होतो.

दुसरं, नंबर. जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या चासी रेलवर पुढच्या बाजूला वरून थेट लोखंडात ठोकलेला असतो. एमबीला तसा ठोकलेला नसतो, डाव्या रेलच्या आतल्या बाजूला बंपरच्या मागं छोटी प्लेट रिबिटनं बसवलेली असते, आणि ती बऱ्याच वेळा पडून गेलेली असते, फक्त रिबिटची भोकं उरतात. ती भोकंसुद्धा पुरावा आहे, बुजवू नका.

तिसरी गोष्ट बारीक आहे पण मला फार आवडते. फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यावर, ब्रॅकेटवर, बऱ्याच लहान पार्टवर एफ हे अक्षर टाकलंय. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर डावीकडं फोर्ड हे नाव वळणदार अक्षरात दाबलेलं असायचं, विलीजवर तिथंच विलीज. १९४२ मध्येच आर्मीनं ही नावं बंद करायला लावली. त्यामुळं नाव असलेला मूळ मागचा पत्रा सापडला तर तो सोन्यासारखा जपायचा. पण एक दोन एफचे बोल्ट सापडले म्हणून गाडी फोर्ड होत नाही, दोन्ही कंपन्यांचे पार्ट एकमेकांना बसतील असेच बनवले होते आणि लढाईत रिपेअर करताना कोणी बघत नव्हतं कुठला कुणाचा. शंभर बोल्टांपैकी सत्तर ऐंशीवर एफ असेल तर बोला.

त्या प्लेटबद्दल. लढाईतल्या जीपच्या माहितीच्या प्लेट ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर असायच्या, आणि त्या आज हव्या त्या नंबरासकट नव्या बनवून मिळतात. नवी प्लेट मारून गाडीचं साल बदलत नाही. कृष्णाकाठ, हे तुमच्यासाठी लिहितोय.

मेस्त्रीचा_मुलगा

माझ्या वडिलांनी सांगलीत पस्तीस वर्षं जीपची बॉडी ठोकली, मी लहानपणी त्यांच्या हाताखाली होतो, म्हणून या विषयावर लिहावंसं वाटलं.

बॉनेटच्या बाजूची अक्षरं वाचायची तर सँडर लावू नका. अक्षरं पत्र्यातूनच उठवलेली असतात पण वरून लांबी (पुटी) भरलेली असते, सँडर मारला की लांबीबरोबर अक्षराची धार जाते, आणि पत्रा आधीच पातळ झालेला असतो. पेंट रिमूव्हर लावायचा, प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन हळूहळू काढायचं, शेवटी थिनरच्या कपड्यानं पुसायचं. वडील तर आधी खडू आडवा धरून पूर्ण पत्र्यावर फिरवायचे, उठाव असेल तिथं खडू लागतो, खळगा कोरा राहतो. एवढ्यातच अर्धी अक्षरं दिसतात. आज रात्री करून बघ, पैसे लागत नाहीत.

अजून एक. आपल्याकडं लो बॉनेट आणि हाय बॉनेट म्हणतात ते सगळ्यात आधी बघायचं. सीजे-३बी, जी १९५३ मध्ये आली आणि जी महिंद्रानं पुढं कित्येक वर्षं बनवली, पंचायत समितीत, कारखान्यावर, इलेक्शनला आपण सगळ्यांनी बघितली ती हाय बॉनेट. तिचं तोंड उंच करावं लागलं कारण आत नवीन इंजिन आलं, ज्याचा इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेला आणि इंजिनची उंची वाढली. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असायचे, हेड सपाट, प्लग सरळ वर उभे. बॉनेट उघडून नुसतं बघितलं तरी कळतं, वर टॅपेट कव्हर दिसलं की हाय बॉनेटचं इंजिन. इंजिन बदललेलं असू शकतं पण बॉनेटची उंची आणि फायरवॉलची उंची सहसा खोटं बोलत नाही.

सहसा म्हणतो कारण हल्ली हाय बॉनेट कापून लो बॉनेट करतात. जाळी मधून कापतात, तुकडा काढतात, परत वेल्ड मारतात. काउल, म्हणजे काचेच्या खालचा पत्रा, तो पण कापतात. मग नऊ स्लॉटची जाळी लावतात आणि वर्ल्ड वॉरची म्हणून विकतात. मला हे बघवत नाही. ती महिंद्राची गाडी स्वतःच केवढी मोठी आहे. १९४९ मध्ये माझगावला सुट्ट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली तिथून ते पुढं पूर्ण इथं बनवण्यापर्यंत, ज्या रस्त्यांना रस्ता म्हणता येत नव्हता तिथं डॉक्टर, ग्रामसेवक, इंजिनिअर याच गाडीतून पोचले. तिला कापून तिच्यावर दुसऱ्या देशाच्या लढाईचा नंबर टाकायचा म्हणजे तिचं स्वतःचं आयुष्य पुसायचं. कापलेली ओळखायची असेल तर जाळीच्या मागं हात घाला आणि काउलच्या आत डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, बाहेरून लांबीनं गुळगुळीत करतात पण आतला जोड कोणी घासत बसत नाही.

पत्रापारखी

मेस्त्रीचा मुलगा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा, खडूची युक्ती मला माहीत नव्हती.

कृष्णाकाठ, २ए आणि ३ए मधला फरक पण लिहून ठेवतो कारण तुझा मामला शेवटी तिथंच येणार असं वाटतंय. २ए साधारण १९४५ ते १९४९, ३ए १९४९ ते १९५३. दोन्ही लो बॉनेट, दोन्ही सात स्लॉट, दोन्हीत तेच सपाट हेडचं चार सिलिंडरचं इंजिन, २.२ लिटरचं, त्यामुळं इंजिन बघून वेगळं करता येत नाही. २ए ची काच दोन भागांत, ३ए ची एकसंध आणि तिच्या खाली हवा आत यायला एक लांब झडप, आणि वायपर काचेच्या खालच्या बाजूनं. २ए चा वायपर वरून.

पण काचेची फ्रेमसुद्धा बोल्टवर निघते. म्हणून मी टबमधली, म्हणजे मुख्य बॉडीतली, एक जागा बघतो जी कोणी बदलत नाही कारण ती बदलायची म्हणजे अर्धी बॉडी नवी करायची. मागच्या चाकावर आत जी पेटीसारखी जागा येते, व्हीलवेल, तिच्या वरच्या पुढच्या कडेपासून बॉडीच्या मागच्या टोकापर्यंत टेप धर. २ए वर ३४ इंच येतं, ३ए वर ३२. कारण ३ए मध्ये ड्रायव्हरची सीट थोडी मागं नेली, पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून, आणि त्यासाठी व्हीलवेल आखूड केलं. हे दोन इंच कुठल्याही विकणाऱ्याच्या डोक्यात येत नाहीत. आणि लढाईतल्या टबला त्याच ठिकाणी, मागच्या चाकांच्या पाठीमागं, दोन्ही बाजूंना हत्यारांचे झाकणवाले कप्पे असतात, ते आहेत का तेही बघ. शिवाय लढाईतल्या गाडीच्या बॉडीला डाव्या बाजूनं फावडं आणि कुऱ्हाड बसायला पत्र्यातच खळगे दाबलेले असतात. अगदी सुरुवातीच्या २ए वरही ते राहिलेत, लढाईचे डाय (पत्रा दाबायचे साचे) तसेच वापरले म्हणून, पण ३ए वर नाहीत.

कृष्णाकाठ

मंडळी, दोन दिवस गावी जाऊन आलो. आत्त्या, चुलते, शेजारची पोरं, सगळी शेडमध्ये जमली होती, गाडी ढकलून उजेडात काढली, टायर बसलेले होते त्यामुळं घाम निघाला.

खडू फिरवला. दोन्ही बाजूंना विलीज. इंग्रजी अक्षरं, मोठी, स्पष्ट, डाव्या बाजूचं शेवटचं अक्षर चेपलंय पण वाचता येतं. फाळक्यावर पण लांबीच्या खाली तेच नाव निघालं. म्हणजे गॅरेजवाले जो फाळका नंतरचा म्हणून वेल्ड करायला निघाले होते तो कंपनीचाच आहे, त्याच्या बिजागऱ्या आणि कडेचा पत्रा एकदम मूळ दिसतोय, कुठं कापल्याची खूण नाही.

काचेच्या खाली लांब झडप आहे, गंजून घट्ट झालीय, रंगानं पूर्ण बुजली होती, म्हणून मला कळलंच नव्हतं. वायपरचं भोक खालच्या बाजूला. व्हीलवेल तीन वेळा मोजलं, दोन्ही बाजूंनी ३२ इंच, एका बाजूला पत्रा वाकलाय म्हणून पाव इंच इकडंतिकडं. हत्यारांचे कप्पे नाहीत, फावड्याचा खळगा नाही. इंजिनचं हेड सपाट, प्लग उभे. फायरवॉलवर बॉनेटखाली प्लेट आहे, तेल आणि मातीचा थर होता, रॉकेलनं पुसली, नंबर आरसीशी जुळतो, फक्त एक आकडा घासला गेलाय. ठोकून बघितली नाही, काढली पण नाही, आहे तशीच ठेवली.

मग जाळीकडं गेलो. जाळीच्या बोल्टांच्या दोन्ही टोकांना चासीवर जुनी भोकं रिकामी आहेत आणि जाळी नवीन पाडलेल्या भोकांत बसवलीय. जाळीच्या मागं हिरवा रंग आहे, बॉडीवर जो हिरवा आहे त्याच्यापेक्षा वेगळा, जास्त मळकट. बॉडीचा हिरवा उजळ आहे. म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांचे हिरवे.

हे सगळं बघत असताना आत्त्या मागं उभी होती, तिला विचारलं की आबांची गाडी कुठं धडकली होती का. ती म्हणाली धडकली होती ना, ती लहान असताना, उसाची गाडी वाटेत आडवी होती, रात्र होती, पुढचं तोंड पार आत गेलं होतं, आणि आबांनी साताऱ्याहून मिलिटरीच्या गाडीचं तोंड आणून लावलं होतं. मिलिटरीच्या गाडीचं तोंड, हेच शब्द. मला वाटतं हळूहळू घरात त्या तोंडाची गोष्ट पूर्ण गाडीची झाली. आजोबांनी कधी खोटं सांगितलं नसणार, आम्हीच अर्धं ऐकलं. आणि कागद पहिल्यापासून बरोबर होता, विलीज, १९५१.

खरं सांगू तर पहिल्या पाच मिनिटांत वाईट वाटलं, १९४२ ची म्हणून मित्रांना सांगितलं होतं. मग आत्त्या त्या बॉनेटवर हात फिरवत बसली, म्हणाली हे नाव मी लहानपणी बोटानं गिरवायची, इंग्रजी यायच्या आधी. तेवढ्यात वाईट वाटायचं थांबलं.

गॅरेजला फोन केला, काम रद्द. आता प्रश्न एकच आहे, नऊ स्लॉटची जाळी ठेवू की काढू? आणि काढली तर सात स्लॉटची कुठली घ्यायची, ३बी ची चालेल का, ती सहज मिळते म्हणतात.

पत्रापारखी

वा. सगळ्या खुणा एकाच दिशेला जाणारी गाडी फार कमी बघायला मिळते. सीजे-३ए, १९५१, यात माझ्या मनात आता शंका नाही. ३ए जगात साधारण १ लाख ३२ हजार बनल्या, ३बी पेक्षा कमी, आणि आपल्याकडं जाळी सोडून बाकी एवढी मूळ राहिलेली तर अजूनच कमी. लढाईतल्या जीप दोन्ही कंपन्यांच्या मिळून सहा लाखांच्या वर बनल्यात. तेव्हा तुझ्याकडं कमी काही नाही.

३बी ची जाळी घेऊ नकोस. उंची जास्त आहे, कापावी लागेल, आणि बाजारात आधीच कापून २ए-३ए ची म्हणून विकतात. जाळी घेताना उलटी कर आणि मागून बघ, हेडलाइटच्या भोकांच्या वर किंवा खाली आडवा वेल्डचा जोड, किंवा तिथं लांबीचा ठिपका दिसला तर सोड. स्लॉटची वरची आणि खालची दोन्ही टोकं गोल दाबलेली असली पाहिजेत, कापलेल्या जाळीत मधेच स्लॉटची कड सरकलेली दिसते, नखाला लागते. हेडलाइट सात इंची बसतात का तेही तिथंच एक रिंग नेऊन बघ. आणि तुझ्या चासीवरची ती जुनी रिकामी भोकं कागदावर उतरवून घे, पुठ्ठ्याचा साचा कर, तो घेऊनच बाजारात जा. जी जाळी त्या भोकांवर सरळ बसेल ती तुझी.

नाशिकचा_जीपवाला

मी पण काल खाली वाकलो. पुढचा आडवा मेंबर गोल पाइप आहे. डाव्या रेलच्या आतून दोन रिबिटची भोकं, प्लेट नाही. मागं पत्रा सलग, हत्यारांचे कप्पे आहेत, एका कप्प्याचं झाकण पण आहे. म्हणजे विलीज एमबी. दहा वर्षं फोर्ड म्हणालो, आता बोर्ड बदलतो. आभार.

टोलेडोजवळ

नाशिककर, ती भोकं बुजवू नका हे परत सांगतो. आणि टबचा फायरवॉलच्या आतला कोपरा साफ करून फोटो टाका, बॉडीचा वेगळा नंबर निघाला तर कुठल्या टप्प्यातली आहे याचा अंदाज लावता येईल. १९४४ पासून दोन्ही कंपन्यांच्या बॉडी एकाच ठिकाणी बनायला लागल्या, तिच्यात दोघांच्या खुणा मिसळलेल्या आहेत, त्यामुळं एखादी फोर्डसारखी खूण दिसली तरी दचकू नका.

कृष्णाकाठ, नऊ स्लॉटची जाळी विकू नका. सात स्लॉटची बसवा पण ही शेडमध्ये भिंतीला लावून ठेवा, मागचा मळकट हिरवा तसाच राहू द्या, रंग मारू नका. ती कुठल्यातरी खऱ्या लढाईच्या जीपची आहे आणि तिच्या मागचा तो रंगच तिचा कागद आहे.

मेस्त्रीचा_मुलगा

बॉडीवर जो उजळ हिरवा निघालाय तो कुठल्या थरात आहे बघ, पत्र्याला चिकटून सगळ्यात खाली प्रायमरवर असेल तर तोच कंपनीचा रंग असण्याची शक्यता जास्त. डॅशबोर्डच्या मागं किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत बघ, तिथं कोणी परत रंग मारत नाही. नाण्याएवढी जागा सोडून दे, त्यावरून शेड जुळवता येईल. वडिलांना तुझी गोष्ट वाचून दाखवली, ते म्हणाले चेपलेलं शेवटचं अक्षर ठोकायला दुसऱ्या कोणाकडं देऊ नको, मागून लाकडी ठोकळा लावून हळू काढावं लागतं, नाहीतर फाटतं. कराड आम्हाला लांब नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं येतो, फक्त गाडी उजेडात राहू दे.

कृष्णाकाठ

या, नक्की या. आत्त्याला सांगितलंय, जेवायलाच थांबायचं. पुठ्ठ्याचा साचा आज करतोय.